रोह्याच्या मुलांनी बांधलेले 'सम्राट अशोक'

विमानाचा आवाज आला की आपल्या वस्तीतली पोरे अजूनही अंगणात धावत येतात. 2025 साली नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, तोही आपल्याच रायगड जिल्ह्याच्या जमिनीवर. तरीसुद्धा विमानात बसलेली माणसे आपल्यात थोडीच आहेत. विमान आतून कसे जोडलेले असते, त्याचे पंख मागे का वळवलेले असतात, हे सांगू शकणारी तर त्याहून थोडी.

रोह्याला आमचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालतो. मुंबईला नोकरी करणाऱ्या एका कार्यकर्त्याने वर्गासाठी एक खोका आणून दिला. त्यात बोइंग 747 या प्रवासी विमानाचे प्लॅस्टिकचे सुटे भाग होते. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे आणि विमान उभे करायचे. काही पालकांनी लगेच विचारले, "हजारो रुपयांचा हा खेळ कशाला? तेवढ्यात पोरांच्या वह्या आल्या असत्या." प्रश्न रास्त होता. वह्या आम्ही दर जूनमध्ये वाटतोच, आणि वाटत राहू. पण मोठ्या शाळेतल्या मुलाच्या टेबलावर जी वस्तू असते, तिला आपल्या मुलांनी दुकानाच्या काचेतूनच पाहावे, हा काही नियम नाही. खोका एक आणि हात दहा, असा हिशोब करून तीन मुली व दोन मुलगे निवडले आणि मे महिन्याच्या सुट्टीत काम सुरू केले.

अशा संचांचा धंदा जगात जुना आहे. इंग्लंडमधील एअरफिक्स ही कंपनी 1939 साली निकोलस कोव्ह या हंगेरीहून आलेल्या निर्वासिताने काढली. आधी ती हवा भरायची रबरी खेळणी करी, पुढे प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींसाठी तिचे नाव झाले. मूळची अमेरिकेची रेव्हेल, जपानची तामिया याही अशाच नामांकित कंपन्या.

खोक्यावर 1:144 असे प्रमाण छापले होते. हे प्रमाण मुलांना शिकवायला फार सोयीचे. 12 फूट म्हणजे 144 इंच, म्हणून खऱ्या विमानाचे 12 फूट हे प्रतिकृतीत 1 इंच होतात. खरे विमान सुमारे 70.6 मीटर लांब आणि पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत 59.6 मीटर रुंद. मुलांनी भागाकार केला, तेव्हा लांबी 49 सेंटिमीटर आणि रुंदी 41 सेंटिमीटरच्या थोडी वर आली. मग पट्टी लावून पाहिली, तर उत्तर जुळले! साडेपाच फुटांचा माणूस या प्रमाणात साडेअकरा मिलिमीटरचा होतो, म्हणजे तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. गणिताला कंटाळणारी एक मुलगी त्या दिवशी घरातल्या प्रत्येक वस्तूला 144 ने भागत बसली होती.

कोणते विमान बनवायचे, हे मुलांनीच ठरवले. बोइंग 747 ने पहिले उड्डाण 9 फेब्रुवारी 1969 रोजी केले. एअर इंडियाकडे या जातीचे पहिले विमान 1971 साली आले आणि त्याचे नाव ठेवले 'सम्राट अशोक'. पुढच्या विमानांनाही शहाजहान, राजेंद्र चोल, विक्रमादित्य, कनिष्क अशी सम्राटांची नावे मिळाली. खिडक्यांभोवती राजवाड्याच्या झरोक्यासारख्या लाल कमानी रंगवलेल्या असत. अशोकाचे नाव ऐकल्यावर मुलांनी दुसऱ्या नावाचा विचारच केला नाही.

पण इथेच खरी अडचण उभी राहिली. वस्तीतल्या एका आजीला जुनी आठवण होती. त्या म्हणाल्या, "बाळांनो, ते विमान समुद्रात बुडालं ना रे? मेलेल्या माणसांचं विमान कशाला करता? अपशकुनी असतंय असलं." दोन घरांतून निरोप आले की, आमच्या पोरांना यातून वगळा.

आजींची आठवण खरी होती. 1 जानेवारी 1978 च्या संध्याकाळी 'सम्राट अशोक' मुंबईहून दुबईला निघाले आणि उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळले. त्यातील 213 माणसांपैकी एकही वाचले नाही. 23 जून 1985 रोजी 'सम्राट कनिष्क' आयर्लंडजवळ कोसळले, त्यात 329 माणसे गेली. अशोक आणि कनिष्क ही दोन्ही नावे बौद्ध इतिहासातली. तेव्हा "नावातच काहीतरी आहे" असे कुणी म्हणाले, तर मुलांना काय सांगणार? गप्प बसवणे सोपे होते. आम्ही कारण सांगायचे ठरवले, आणि पालकांनाही बोलावले.

रात्री समुद्रावर क्षितिज दिसत नाही. विमान सरळ आहे की कलले आहे, हे डोळ्यांना कळत नाही, शरीरालाही कळत नाही. त्यासाठी वैमानिकासमोर एक यंत्र असते. त्या रात्री मुख्य वैमानिकासमोरचे हे यंत्र बिघडले. विमान सरळ असताना ते उजवीकडे कलल्याचे दाखवत राहिले. ते सरळ करण्यासाठी वैमानिकाने विमान डावीकडे वळवले, ते वळतच गेले आणि पाण्यात शिरले. सहवैमानिकासमोर तसेच दुसरे यंत्र होते, शिवाय एक राखीवही होते. वेळेत ताडून पाहिले गेले नाही. कनिष्कवर तर माणसांनी ठेवलेला बॉम्ब फुटला. एका ठिकाणी यंत्राचा बिघाड व माणसाची गफलत, दुसऱ्या ठिकाणी माणसाचे क्रौर्य. शकुनाचा प्रश्न येतो कुठे?

आम्ही पेशाने कारकून. रोकडवही, खातेवही आणि बँकेचे पुस्तक तिन्ही जुळल्याशिवाय सही करायची नाही, हे आमच्या हाडात मुरलेले. पालकांना आम्ही हेच उदाहरण दिले. एकाच काट्यावर भरवसा ठेवू नये, हा त्या अपघाताचा धडा आहे, आणि तो मुलांनी लहानपणीच शिकलेला बरा. आजी ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मग चांगलं मजबूत करा." ज्या दोन मुलांना थांबवले होते, ती दुसऱ्या दिवशी आली.

आता कामाची रीत सांगतो, म्हणजे कुणाला करायचे असेल तर उपयोगी पडेल. सुटे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले असतात. साच्यातून काढताना त्यांवर तेलकटपणा राहतो, म्हणून ते आधी साबणाच्या पाण्याने धुवावेत, नाहीतर रंग धरत नाही. भाग ओढून तोडू नये, कटरने कापावा. पाते मोठ्या माणसाच्या हातात असावे. कापलेली जागा बारीक पॉलिश पेपरने घासावी. गोंद लावण्याआधी प्रत्येक जोड कोरडाच बसवून पाहावा. गोंद या कामाचा वेगळा असतो. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एक करतो, त्यामुळे चुकलेला जोड सुटत नाही. तो लावताना खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळ चूल, स्टोव्ह नसावा.

आणखी एक गोष्ट. विमानाच्या पोटाचे दोन अर्धे जोडण्याआधी नाकात वजन भरावे लागते. नाहीतर विमान शेपटीवर बसते आणि नाक आकाशाकडे जाते. आमच्या एका मुलाचे मामा कुंडलिकेच्या खाडीत मासेमारी करतात. जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या त्याने आणल्या. चिकटपट्टीने तात्पुरत्या लावून तोल पाहिला, एकेक वाढवली आणि नाक खाली टेकल्यावर त्या पक्क्या केल्या. तोल म्हणजे काय, हे पुस्तकातल्या चित्रापेक्षा त्या गोळ्यांनी अधिक शिकवले.

रंगासाठी विमान खोक्यात ठेवून एस.टी.ने पेणला नेले. पेण, हमरापूर, जोहे हा सारा पट्टा गणपतीच्या कारखान्यांचा. आपला त्या पूजेशी संबंध नाही, हे वाचकांना सांगायला नको. पण ज्या कामगारांचे पोट त्यावर चालते, त्यांच्या हातात पिढ्यांची विद्या आहे. एका कारखान्यात रंगकाम करणारे आमच्या ओळखीचे दादा आहेत. त्यांनी विमान उजेडात धरून फिरवले आणि म्हणाले, "वरचा सांधा दिसतोय. पांढरा रंग काही लपवत नाही, उलट दाखवतो." मग मुलांनी लांबी भरून, वाळवून, पुन्हा घासले. दादांनी गनने पातळ पातळ थर दिले. 0.1 मिलिमीटरचा थर खऱ्या विमानावर जवळजवळ दीड सेंटिमीटरचा होईल, हे मुलांनीच त्यांना हिशोब करून सांगितले. दादा हसले आणि हवेचा दाब कमी केला. पावसाळी दमट हवेत असा रंग पांढुरका, धुरकट पडतो, म्हणून हे काम मे महिन्यातच उरकले.

लाल कमानींची पट्टी वेगळी मागवली होती. ती पाण्यात भिजवून सरकवत बसवायची असते. एका बाजूची पट्टी मुलींच्या हातात फाटली आणि सात खिडक्यांच्या कमानी गेल्या. रडवेली तोंडे पाहून दादांनी डोळ्यांची आखणी करायचा बारीक कुंचला घेतला. खिडकीची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास. श्वास रोखून त्यांनी सातही कमानी हाताने काढल्या. त्या सात कोणत्या, हे आता आम्हालाही ओळखता येत नाही. मुलींनी विचारले, "दादा, खरी विमानेही कुणीतरी रंगवतच असेल ना?" अर्थात! विमान उडवणारा एक-दोन, पण ते रंगवणारे, तपासणारे, जोडणारे, दुरुस्त करणारे हात कितीतरी लागतात. आपल्या जिल्ह्यात विमानतळ आला आहे. तिथे आपली मुले फक्त झाडू आणि हमालीच्या रांगेत दिसू नयेत, असे वाटत असेल, तर ही ओळख शाळेच्या वयातच व्हायला हवी.

विमान आता अभ्यासवर्गात लाकडी पाटीवर उभे आहे. पाटीवर मुलांनी स्वतः लिहिले आहे: 'सम्राट अशोक', 1971 ते 1978. खाली 213 हा आकडा आहे. तो का लिहिला, हे विचारणाऱ्या प्रत्येकाला मुले यंत्राची गोष्ट सांगतात.

ज्या गावी असा वर्ग चालतो, तिथल्या कार्यकर्त्यांनी एकदा हा प्रयोग करून पाहावा. महागडा संच मिळाला नाही तर लहान विमान घ्या, तेही न जमले तर पुठ्ठ्यापासून सुरुवात करा. पाच मुलांत एकच संच ठेवा, म्हणजे वाट पाहणे आणि वाटून घेणे दोन्ही शिकता येते. मुलींना घासण्या-पुसण्याला न बसवता कटर आणि कुंचला त्यांच्याही हाती द्या. आणि गावात सुतार, रंगारी, गॅरेजवाला असेल, तर त्याला एक संध्याकाळ गुरुजी म्हणून बोलवा. तो नाही म्हणणार नाही.