इतिहास वस्तुसंग्रहालयातील विद्यार्थी-आंतरवासिता : वस्तुनोंदीच्या अंगाने एक विवेचन

सारांश

इतिहास विषयाच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून वस्तुसंग्रहालयात पाठविण्याची पद्धत अलीकडे वाढत आहे. ही इंटर्नशिप, म्हणजेच आंतरवासिता, नेमकी कशासाठी असावी याविषयी मात्र पुरेशी स्पष्टता आढळत नाही. प्रस्तुत लेखात वस्तूची नोंद करणे हे आंतरवासितेचे केंद्रवर्ती कार्य मानून तिची आखणी, पद्धती व मूल्यमापन यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : वस्तुसंग्रहालय, आंतरवासिता, वस्तुनोंद, दाखल क्रमांक, जतन, मौखिक माहिती.

प्रस्तावना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये प्रत्यक्ष कार्यानुभवावर भर देण्यात आला. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये या धोरणानुसार अभ्यासक्रमाची चौकट निश्चित केली आणि तीत कार्यप्रशिक्षणासाठी स्वतंत्र श्रेयांक ठेवले. एका श्रेयांकास 30 तास या हिशेबाने 4 श्रेयांकांचे प्रशिक्षण म्हणजे 120 तासांचे काम होय. वाणिज्य किंवा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास हे तास कोठे घालवावेत हा प्रश्न फारसा पडत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यासमोर मात्र तो उभा राहतो आणि त्याचे सर्वांत जवळचे उत्तर वस्तुसंग्रहालय हे असते.

परंतु वस्तुसंग्रहालयात जाणे आणि तेथे काही शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दालनात उभे राहून प्रेक्षकांवर लक्ष ठेवणे, तिकिटे फाडणे, शालेय सहलींना रांगेत उभे करणे ही कामे आवश्यक असली तरी त्यांत 120 तास संपले तर विद्यार्थ्यास प्रमाणपत्र मिळते, इतिहासाचे शिक्षण मिळत नाही. संग्रहालयासही त्यातून टिकाऊ असे काही लाभत नाही. दोघांनाही उपयोगी पडेल असे काम कोणते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी वस्तू आणि तिची माहिती यांचा संबंध समजून घ्यावा लागतो.

वस्तू आणि तिची नोंद

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय हे या दृष्टीने बोलके उदाहरण आहे. डॉ. दिनकर गंगाधर केळकर (1896-1990) यांनी सुमारे 1920 पासून एकट्याच्या जिद्दीने जमविलेला हा संग्रह पुढे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन करण्यात आला. त्यात 20,000 हून अधिक वस्तू असून त्यांपैकी सुमारे 2,500 वस्तू प्रदर्शित असतात. अडकित्ते, दिवे, वज्र्या, कुंकवाचे करंडे, पानदाने, दौती अशा घरगुती वस्तू हे या संग्रहाचे वैशिष्ट्य होय. राजघराण्यातील तलवारीविषयी बखरीत किंवा कागदपत्रांत काही उल्लेख सापडण्याची शक्यता असते. एखाद्या अडकित्त्याविषयी अशी शक्यता जवळजवळ नसते. तो कोणत्या गावाहून आला, कोणाच्या घरात होता, त्याला त्या भागात काय म्हणत, ही माहिती संग्रहित करतानाच लिहून ठेवली तर राहते. अन्यथा ती देणाऱ्याबरोबर आणि घेणाऱ्याबरोबर नाहीशी होते. मग काचेआड एक सुबक अडकित्ता उरतो. त्याचा इतिहास उरत नाही.

म्हणजेच वस्तूइतकीच, किंबहुना वस्तूहूनही अधिक, तिची माहिती नाशवंत असते. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालयास 2 सप्टेंबर 2018 रोजी लागलेल्या आगीत या सत्याचा विदारक प्रत्यय आला. सुमारे 2 कोटी नमुन्यांच्या त्या संग्रहाचा फार मोठा भाग जळाला. त्यानंतर त्याच शहरातील एका विद्यापीठाच्या संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, संग्रहालयाला भेट दिलेल्या लोकांनी आपल्याजवळची छायाचित्रे पाठवावीत, असे आवाहन केले. वस्तू नष्ट झाल्यावर तिची नोंद हाच तिचा उरलेला अंश असतो, हे त्या आवाहनामागचे कारण होते.

भारतातही नोंदीचा प्रश्न जुना आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2013 च्या अहवालात स्मारके व पुरावस्तू यांच्या जतनाचा आढावा घेताना संग्रहालयांतील नोंदींच्या उणिवांवर बोट ठेवले. प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, पुण्यात विकसित केलेली ‘जतन’ ही संगणकप्रणाली राष्ट्रीय पातळीवरील संग्रहालयांत वापरात आणली गेली. तथापि, प्रणाली कितीही चांगली असली तरी प्रत्येक वस्तू हातात घेऊन, मोजून, पाहून तिचे वर्णन लिहिणारा माणूस लागतोच. लहान संग्रहालयांत नेमकी याच माणसांची उणीव असते. आंतरवासितेस येणारा विद्यार्थी ही उणीव काही अंशी भरून काढू शकतो.

चांगल्या नोंदीचे घटक

वस्तूच्या नोंदीचे एक आंतरराष्ट्रीय प्रमाणक 1997 मध्ये ‘ऑब्जेक्ट आयडी’ या नावाने प्रसिद्ध झाले. चोरीस गेलेली कलावस्तू ओळखता यावी हा त्याचा मूळ हेतू होता. वस्तूचा प्रकार, साहित्य व घडविण्याचे तंत्र, मापे, तिच्यावरील लेख व खुणा, वेगळेपण दाखविणारी वैशिष्ट्ये, शीर्षक, विषय, काळ आणि कर्ता अशा नऊ मुद्द्यांची माहिती, छायाचित्रे आणि एक थोडक्यात वर्णन एवढे त्यात अपेक्षित असते. संग्रहालयाच्या गरजेनुसार दाखल क्रमांक, वस्तू मिळाल्याची तारीख व मार्ग, सध्याची स्थिती आणि ठेवण्याची जागा यांची भर घालावी लागते.

यांपैकी ‘वेगळेपण दाखविणारी वैशिष्ट्ये’ हा मुद्दा विद्यार्थ्याची खरी परीक्षा पाहतो. ‘पितळी समई, उंची 42 सें.मी.’ एवढे वर्णन शेकडो समयांना लागू पडते. त्याच समईच्या बैठकीला एका बाजूस पोचा आहे, पाच वातींपैकी एक चोच डाग देऊन जोडलेली आहे, खालच्या बाजूस देवनागरीत दोन अक्षरे कोरलेली आहेत, असे लिहिले की ती समई एकमेव ठरते. दोष हीच तिची ओळख असते. वस्तूकडे पाहण्याची ही सवय वर्गातील व्याख्यानाने लागत नाही. ती एकामागून एक वस्तू पाहूनच लागते.

काळनिर्णयास कायद्याचेही महत्त्व आहे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, 1972 नुसार सर्वसाधारणपणे 100 वर्षांहून जुनी वस्तू, तर ऐतिहासिक, वाङ्मयीन वा शास्त्रीय महत्त्वाची हस्तलिखिते 75 वर्षांहून जुनी असल्यास, पुरावस्तू ठरतात. म्हणून ‘अंदाजे’ लिहिलेला काळ अंदाज म्हणूनच नोंदविला गेला पाहिजे. रिकामा रकाना पुढील अभ्यासकास शोध घ्यायला लावतो; आत्मविश्वासाने भरलेला चुकीचा रकाना त्याचा शोध थांबवितो. विद्यार्थ्यास पहिल्याच दिवशी सांगण्यासारखी ही गोष्ट होय.

विद्यार्थ्याजवळची विद्या

आंतरवासितेस येणारा विद्यार्थी कोऱ्या पाटीने येतो असे मानण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील इतिहासाच्या विद्यार्थ्याने मोडी लिपीचा प्राथमिक अभ्यास केला असल्यास कागदपत्रांच्या नोंदीत तो मोलाची मदत करू शकतो. शक वर्षात 78 किंवा 79 मिळविल्यास इसवी सन मिळतो. म्हणजे शके 1690 हे 1768-69 होय. मराठी कागदांतील सुहूर सन अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे 1 + 70 + 100 + 1000 = 1171. त्यात 599 किंवा 600 मिळविले की 1770-71 हे वर्ष येते. वर्गात पाठ केलेले हे गणित प्रत्यक्ष कागदावर उतरते तेव्हा कालगणनेचा विषय विद्यार्थ्यास आपलासा वाटू लागतो.

दुसरी विद्या शब्दांची आहे. चिपटे, मापटे, अधोली, पायली ही धान्याची मापे शहरी संग्रहपालास पुस्तकातून ठाऊक असतात. ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्याने ती घरच्या माळ्यावर पाहिलेली असतात. एकाच वस्तूला कोकणात, देशावर आणि विदर्भात निरनिराळी नावे असू शकतात. विद्यार्थ्याने वस्तूचे छायाचित्र घरातील व गावातील वृद्ध मंडळींना दाखवून तिचे नाव, उपयोग आणि ती बनविणाऱ्या कारागिराविषयी विचारावे आणि सांगणाऱ्याच्या संमतीने, गाव व दिनांक यांसह, ते उत्तर वस्तूच्या नोंदीस जोडावे. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने 2022 मध्ये स्वीकारलेल्या व्याख्येत मूर्त वारशाबरोबर अमूर्त वारसा आणि समाजाचा सहभाग यांना स्थान दिले आहे. गावातील आजींनी सांगितलेला एक शब्द नोंदवहीत येणे हे त्या व्याख्येचे साधे आचरण होय.

हाताळणीची शिस्त

उत्साहाला शिस्तीची जोड नसेल तर आंतरवासिता संग्रहास घातक ठरू शकते. काळवंडलेले पितळ चिंचेने घासून चकचकीत करण्याचा मोह कोणासही होईल. परंतु करंड्यात चिकटलेले कुंकू, दिव्याच्या तळाशी साचलेले तेलाचे कीट आणि धातूवर कालौघात चढलेला थर हे वस्तूच्या वापराचे पुरावे असतात. एकदा घासून गेलेला पुरावा परत येत नाही. त्यामुळे विद्यार्थ्याने स्वच्छतेचे कोणतेही काम स्वतःच्या विचाराने करू नये, हा नियम निरपवाद असावा.

इतर नियमही सोपे आहेत. वस्तू दोन्ही हातांनी, तळाला आधार देऊन उचलावी. कडी वा दांडा धरून उचलू नये. अंगठ्या व घड्याळ काढून ठेवावे. धातूच्या वस्तूंसाठी हातमोजे घालावेत, कारण घामातील क्षार धातूस डाग पाडतात. जुने कागद व हस्तलिखिते मात्र धुऊन कोरड्या केलेल्या हातांनीच हाताळणे श्रेयस्कर मानले जाते. हातमोज्यांमुळे बोटांची संवेदना कमी होऊन पान फाटण्याची भीती असते. टेबलावर केवळ पेन्सिल असावी, शाईचे पेन नसावे. कापड, कागद व लघुचित्रे यांवर 50 लक्सहून अधिक प्रकाश दीर्घकाळ पडू नये. वस्तूवर क्रमांक घालण्याचे काम संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यानेच करावे : धातूवर पॅरालॉइड बी-72 या द्रावणाच्या दोन थरांमध्ये, कापडावर शिवलेल्या सुती फितीवर आणि कागदावर मऊ पेन्सिलीने.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1952 पासून संग्रहालयशास्त्राचे स्वतंत्र शिक्षण दिले जात आहे; मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानेही या विषयाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालविला आहे. 120 तासांत विद्यार्थी संग्रहपाल वा जतनतज्ज्ञ होत नाही. तो विश्वासू नोंदकार होऊ शकतो, आणि तेवढे उद्दिष्ट पुरेसे आहे.

आखणी व मूल्यमापन

120 तासांची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल : संग्रहाची ओळख व हाताळणीचे नियम यांसाठी 10 तास, संग्रहाबाहेरील साध्या भांड्यांवर नोंदीचा सराव 20 तास, प्रत्यक्ष वस्तूंची नोंद 60 तास, मौखिक माहितीचे संकलन 20 तास आणि परस्परांच्या नोंदींची तपासणी 10 तास. एका वस्तूस एक तास धरल्यास एक विद्यार्थी 60, तर चार विद्यार्थी 240 वस्तूंच्या नोंदी करू शकतात. हजारो वस्तूंच्या मानाने हा आकडा लहान आहे. परंतु पुन्हा करावी न लागणारी एक नोंद घाईने केलेल्या दहा नोंदींपेक्षा मोलाची असते.

मूल्यमापनासाठी लांबलचक अहवालाची गरज नाही. एका विद्यार्थ्याने लिहिलेली नोंद, छायाचित्र बाजूला ठेवून, दुसऱ्याच्या हाती द्यावी आणि एकाच प्रकारच्या दहा वस्तूंमधून नेमकी ती वस्तू त्यास ओळखता येते का, हे पाहावे. ओळखता आली तर नोंद उत्तीर्ण झाली.

संग्रहालय व महाविद्यालय यांच्याही काही जबाबदाऱ्या आहेत. एका मार्गदर्शकाकडे चार-पाचांहून अधिक विद्यार्थी देऊ नयेत. लहान संग्रहालयात मार्गदर्शकाचा वेळ हीच मोठी किंमत असते, याची जाणीव महाविद्यालयाने ठेवावी. दूरच्या गावाहून येणाऱ्या विद्यार्थ्यास निदान प्रवासखर्च मिळावा. अन्यथा ही संधी शहरात राहणाऱ्यांपुरतीच उरते आणि ज्यांच्या घरी हे शब्द अजून जिवंत आहेत तेच बाहेर राहतात. प्रत्येक नोंदीखाली ती करणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव व दिनांक असावा. त्यातून श्रेय मिळते आणि उत्तरदायित्वही निश्चित होते.

निष्कर्ष

इतिहासाचा विद्यार्थी पदवीपर्यंत बहुधा इतरांनी तयार केलेली साधने वाचत असतो. वस्तुसंग्रहालयातील आंतरवासितेत तो प्रथमच स्वतः एक साधन निर्माण करतो. कारण त्याने लिहिलेली नोंद पुढील पिढीचा अभ्यासक पुरावा म्हणून वापरणार असतो. हे भान आले की मोजमापातील एका सेंटिमीटरलाही अर्थ प्राप्त होतो. संग्रहालयास यातून नोंदी मिळतात आणि विद्यार्थ्यास पुरावा म्हणजे काय, याची समज मिळते. आंतरवासितेची आखणी करताना ‘विद्यार्थ्याने किती तास भरले’ याऐवजी ‘त्याच्या मागे कोणती विश्वसनीय नोंद राहिली’ हा प्रश्न महाविद्यालयांनी विचारावा, एवढेच या विवेचनाचे तात्पर्य होय.