आमोसाच्या वाणीची ऐतिहासिक पार्श्वभूमी

पालि सुत्तांच्या वाचकास 'निदाना'चे महत्त्व निराळे सांगावयास नको. उपदेश कोठे झाला व कोणास उद्देशून झाला हे ठाऊक नसेल, तर त्याचा अर्थ अर्धाच हाती लागतो. हिब्रू संदेष्टा आमोस याच्या ग्रंथासही असे निदान आहे. यहूदाचा राजा उज्जीया आणि इस्राएलचा राजा दुसरा यराबाम यांच्या कारकिर्दीत, भूकंपापूर्वी दोन वर्षे, तकोवाच्या या मेंढपाळास दर्शन घडले, अशी नोंद आरंभीच आहे. हा काळ इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्याचा होय. हासोर येथील उत्खननात त्याच सुमाराच्या थरात भूकंपाच्या खुणा आढळल्या असून अभ्यासक त्यांचा संबंध या नोंदीशी जोडतात.

जुन्या मराठी बायबलातील 'भविष्यवादी' या शब्दाने वाचकाची दिशाभूल होते. आमोस ज्योतिषी नव्हे. त्याचा रोख चालू व्यवहारावर आहे, आणि तो काळ विपत्तीचा नसून भरभराटीचा आहे, हे ध्यानात घेतल्यावाचून त्याचा संताप उमगत नाही. इ.स.पू. ८०० च्या सुमारास अश्शूरच्या तिसऱ्या अदद-निरारीने दमास्कसला नमविले. पुढे काही दशके अश्शूरही दुर्बळ झाले. ही संधी साधून यराबामाने राज्याच्या सीमा वाढविल्या. राजधानी शोमरोन येथे १९१० साली सापडलेल्या खापरांवर जुना द्राक्षारस व उत्तम तेल कोणत्या गावाहून आले, याच्या शाईने लिहिलेल्या नोंदी आहेत. पुढील उत्खननांत कोरीव हस्तिदंताचे तुकडे विपुल मिळाले. हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्या धनिकांचा आमोस उल्लेख करतो, ती केवळ अतिशयोक्ती नव्हती.

आमच्या मते सर्वांत बोलका पुरावा मात्र एका साध्या वस्त्राचा आहे. गहाण घेतलेल्या वस्त्रांवर धनको वेदीशेजारी पहुडतात, हा आमोसाचा एक आरोप. आजच्या वाचकास तो किरकोळ वाटेल. परंतु निर्गम ग्रंथातील नियमानुसार गरिबाचे गहाण पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावयाचे असे. रात्री अंगावर घेण्यास त्याच्याजवळ दुसरे काहीच नसे. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यालगत मेसाद हशव्याहू येथे १९६० साली एक लेखांकित खापर सापडले. त्यावर कापणी करणाऱ्या एका मजुराचा अर्ज आहे: नेमून दिलेले काम पुरे करूनही आपले वस्त्र काढून नेले, सोबतचे मजूर साक्ष देतील, ते परत मिळावे. हा लेख इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरचा, म्हणजे आमोसानंतर शंभराहून अधिक वर्षांचा आहे. तरी एका वस्त्राचे मोल त्यावरून नेमके कळते.

बेथेल हे राजाश्रय असलेले देवस्थान होते. तेथील याजक अमस्या याने आमोसास, यहूदात जाऊन तेथेच पोट भर, असे बजावले. तो दक्षिणेचा, म्हणजे परराज्यातला. त्याने उत्तर दिले की आपण धंद्याने संदेष्टे नाही. गुरे राखतो व उंबरे जोपासतो. (तकोवा उंचावर आहे आणि उंबराची ही जात सखल प्रदेशात वाढते, तेव्हा त्याची फिरस्ती बरीच असावी. ग्रंथारंभी त्याच्यासाठी योजलेला मेंढपाळवाचक हिब्रू शब्द अन्यत्र मवाबच्या मेशा राजासही लावलेला आहे. म्हणून आमोस निर्धनच होता, असे आम्ही म्हणणार नाही.)

इ.स.पू. ७४५ मध्ये तिसरा तिग्लथ-पिलेसर अश्शूरच्या गादीवर आला आणि ७२२ च्या सुमारास शोमरोन पडले. दमास्कसच्याही पलीकडे हद्दपारी होईल, एवढेच आमोस सांगतो. त्याच्या ग्रंथाच्या हिब्रू पाठात अश्शूरचे नाव एकदाही येत नाही.