आधी विचारा, मग घ्या!

नेदरलँड्समध्ये नव्यानं आलेल्या मराठी माणसाला पहिला धक्का बसतो तो ‘टिक्की’चा. मित्रानं कॉफी पाजली म्हणून आपण खूश. घरी पोचेपर्यंत फोनवर तीन युरोंची मागणी हजर! आपल्याला हा कोतेपणा वाटतो. पण त्यात एक सरळपणा आहे. इथला माणूस पैसे मागून घेतो, न सांगता आपल्या खिशात हात घालत नाही.

काही वेबसाइट्स मात्र नेमकं तेच करतात. आपण साइट उघडली, की तिच्यातला छोटा प्रोग्राम आपल्या कॉम्प्युटरला गुपचूप आकडेमोडीला जुंपतो. त्यातून मिळणारं आभासी चलन त्यांना. तापलेला लॅपटॉप आणि विजेचं बिल आपल्याला. याला ‘क्रिप्टोजॅकिंग’ म्हणतात. सप्टेंबर २०१७मध्ये ‘कॉइनहाइव्ह’नं हा प्रोग्राम आणला. ‘मोनेरो’च्या कमाईतले ७० टक्के साइटला, ३० टक्के कंपनीला. जाहिरातींना पर्याय, असा त्यांचा दावा होता.

त्याच नोव्हेंबरात विलेम दे ग्रोट या डच संशोधकाला असा प्रोग्राम चालवणारी २,४९६ ऑनलाइन दुकानं सापडली. त्यातल्या बहुतेक दुकानांत ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरणारा प्रोग्रामही होता! २०१८मध्ये आंध्र प्रदेशातल्या सरकारी साइट्सवरही हाच प्रकार आढळला.

मग ही कल्पनाच वाईट का? तसं नाही. एप्रिल २०१८मध्ये ‘युनिसेफ ऑस्ट्रेलिया’नं असंच एक पान काढलं, पण तिथं आधी परवानगी विचारली जाई आणि किती ताकद द्यायची हे आपण ठरवायचं. ते दान झालं. न विचारता घेतली ती चोरीच, मग वीज दोन पैशांची का असेना. जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२मध्ये असा प्रोग्राम वापरणाऱ्या एकाला निर्दोष सोडलं, हे खरं. पण कायद्यातून सुटणं वेगळं आणि योग्य वागणं वेगळं. युरोपात साध्या कुकीसाठी परवानगी विचारतात, मग विजेसाठी का नको?

कॉइनहाइव्ह मार्च २०१९मध्ये बंद झालं; युक्ती मात्र उरली आहे. तेव्हा गावाकडे आई-बाबा फुकट मालिका बघताना लॅपटॉपचा पंखा उगाच गरगरू लागला, तर त्यांना ती साइट बंद करायला आणि ब्राउझर अपडेट करायला सांगा. ब्राउझरच्या सगळ्या खिडक्या बंद झाल्यात ना, तेही बघायला सांगा. एखादी छोटी खिडकी घड्याळामागे लपून काम चालूच ठेवते, बरं का!