मोडांची करामत

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला वरचे अन्न सुरू करताना एक पेच पडतो. त्याचे पोट एवढेसे, वाढ मात्र झपाट्याची. पेज पातळ केली तर पोट पाण्यानेच भरते. पीठ वाढवले तर तिचा गोळा होतो आणि बाळाला तो गिळता येत नाही. पीठ जास्त, तरी पेज पातळ, हे कसे जमायचे?

वर्गात एक प्रयोग करून पाहू. तांदळाच्या पिठाची घट्ट पेज शिजवून तीन वाट्यांत ओतू. ती बोटाला सोसेल इतकी निवली की पहिल्या वाटीत चमचाभर साधे नाचणीचे पीठ घालू. दुसरीत मोड आणून, उन्हात वाळवून दळलेल्या नाचणीचे पीठ घालू. तिसरीत हेच मोडाचे पीठ, पण थोड्या पाण्यात उकळून घेतलेले. तिन्ही ढवळून पंधरा मिनिटे थांबू. दुसऱ्या वाटीतली पेज चांगलीच सैल झालेली दिसेल.

असे का होते? स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या. शिजताना त्या फुगतात, पाणी धरून ठेवतात आणि पेज घट्ट होते. दाण्यातल्या अंकुराला हा साठा जसाच्या तसा वापरता येत नाही. म्हणून रुजताना दाणा अमायलेज नावाचे विकर तयार करतो. ते कात्रीसारखे साखळ्यांचे तुकडे पाडते. आखूड तुकडे पाणी धरू शकत नाहीत. उकळल्यावर मात्र विकर निकामी होते. तिसरी वाटी तेच सांगते.

मोड आलेल्या सातूतून हे विकर १८३३ मध्ये पायां आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी वेगळे केले. आज कारखान्यांत जिवाणूंपासून मिळवलेले अमायलेज वापरून मक्याच्या स्टार्चपासून ग्लुकोजचा पाक करतात. बाळाच्या पेजेसाठी मोडाच्या पिठाचा उपयोग १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि सहकाऱ्यांनी अभ्यासला.

दोन गोष्टी विसरू नयेत. सैल झालेली पेज बाळाला देण्याआधी पुन्हा उकळावी, कारण मोडांबरोबर जंतूही वाढतात. शिवाय विकर नवे पोषण निर्माण करत नाही; त्याच वाटीत जास्त पीठ मावते, एवढेच. डाळ आणि तेल-तूप लागतेच.

घरोघरी नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, ते का, हे मुलांना आता विचारून पाहू या.