अतिवेगवान आरशाच्या फेऱ्यांचे मापन

प्रकाशयंत्रातील मोटर ‘अचूक फिरते’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या एका शब्दात तीन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. सरासरी वेगाची स्थिरता, एकेका फेऱ्यास लागणाऱ्या काळाची समानता आणि अक्षाचे न डगमगणे, या त्या होत.

पहिलीचे नामांकित उदाहरण म्हणजे आल्बर्ट मायकेलसन यांचा १९२६ चा प्रयोग. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन व माउंट सॅन अँटोनिओ यांमधील सुमारे ३५ कि. मी. अंतर प्रकाश जाऊन येई, तेवढ्यात अष्टकोनी आरसा एक-अष्टमांश फेरा करी. त्यासाठी सेकंदास सुमारे ५२८ फेरे आवश्यक होते. आरसा फिरे हवेच्या झोताने, परंतु मापनाचा प्रश्न तोच. सेकंदास सुमारे १३२ कंपने करणाऱ्या विद्युत् नादकाट्याशी ताडता प्रतिबिंब स्थिर दिसले, की वेग चौपट ठरे. निष्पन्न झालेला प्रकाशवेग, सेकंदास २,९९,७९६ कि. मी., हा १९८३ मध्ये व्याख्येने निश्चित झालेल्या मूल्याहून चार किलोमीटरही अधिक नाही.

तेथे सरासरी पुरेशी होती. लेसर-किरणाने ओळीमागून ओळ रेखणाऱ्या यंत्रात ती पुरत नाही. सेकंदास १,००० फेरे असता एका फेऱ्याच्या काळातील एक लक्षांश फरक म्हणजे दहा नॅनोसेकंद. आरसा वळतो त्याच्या दुप्पट किरण वळत असल्याने, फेऱ्याअखेर एक मीटरवरील ठिपका सुमारे एक-अष्टमांश मिलिमीटर ढळतो. स्वनविज्ञानाच्या अभ्यासकास हा भेद परका नाही. कंठध्वनीची सरासरी कंपनसंख्या तीच राहूनही एकेका कंपनाचा काळ कमीअधिक झाला, तर आवाज घोगरा लागतो.

हा काळ मोजण्यासाठी किरणाच्या वाटेत प्रकाशसंवेदी डायोड ठेवतात व दोन स्पंदांमधील अंतर घेतात. मात्र आरशाच्या पैलूंमधील कोन तंतोतंत समान नसतात. लागोपाठच्या पैलूंचे काळ ताडल्यास आरसा घडविणाऱ्याचा दोष मोटरीच्या माथी बसतो. म्हणून एकच पैलू पुन्हा समोर येण्याचा काळ घ्यावयाचा. तथापि चुंबकांमुळे दर फेऱ्यात ठराविक जागी बसणारा हिसकाही या रीतीने झाकला जातो, आणि ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. त्यावर उपाय असा की, आरसा दांड्यावर काही अंश वळवून बसवावा व पैलूवार काळ पुन्हा मोजावेत. आरशाबरोबर सरकेल तो दोष आरशाचा, दांड्यापाशी राहील तो मोटरीचा.

अक्षाचे डगमगणे या कालमापनात सापडत नाही. ते ठिपक्याच्या ओळीशी काटकोनात होणाऱ्या सरकण्यावरून, स्वतंत्रपणे मोजावे लागते.