जनावराच्या पोटात पाहणारा डोळा

रवंथ करणारे जनावर घास आधी गिळते आणि मागाहून चावते. त्यामुळे वैरणीतून आलेला तारेचा तुकडा, खिळा वा सुई जिभेला कळण्यापूर्वीच पोटात उतरते आणि बहुधा जाळीदार अस्तराच्या दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसते. या कप्प्यापुढे श्वासपटल असते आणि श्वासपटलाच्या पलीकडे हृदय. काही दिवसांनी म्हैस वैरण टाकते, दूध आटते, पोट पुनःपुन्हा फुगते. लक्षणे अजीर्णाची दिसतात, म्हणून उपचारही अजीर्णाचे होतात. दरम्यान ती तार पुढे सरकलेली असते. कधी ती हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचते. कधी श्वासपटलच फाटून पोटाचा हा कप्पा छातीत शिरतो. हा दुसरा विकार गाईपेक्षा म्हशीत अधिक आढळतो. वेळीच शस्त्रक्रिया केली तर असे जनावर वाचू शकते. परंतु ती करण्यात अर्थ आहे की नाही, हे आत पाहिल्यावाचून ठरत नाही. दारात उभ्या असलेल्या एकुलत्या एका म्हशीवर ज्या घराचा संसार चालतो, त्या घराच्या दृष्टीने हा निर्णय काय मोलाचा आहे, हे वेगळे सांगावयास नको.

आत पाहण्याचे साधन नवे नाही. रोंटगेनने क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या नोव्हेंबरात लावला आणि पुढल्याच वर्षी युरोपात घोड्याच्या पायाची क्ष-किरण छायाचित्रे निघू लागली. आज सव्वाशे वर्षांनंतर आपल्याकडे अडचण आहे ती केवळ यंत्राच्या अभावाची नव्हे. यंत्राची खरेदी ही शासनव्यवहारातील तुलनेने सोपी गोष्ट होय. तिला अंदाजपत्रकात शीर्ष मिळते, निविदा निघते, समारंभही होतो. ते यंत्र चालविणारा हात आणि त्यातून निघालेले चित्र वाचणारा डोळा यांच्यासाठी मात्र असे कोणतेही शीर्ष सहसा नसते.

भारतीय पशुवैद्यक महाविद्यालयांत क्ष-किरणशास्त्राला स्वतंत्र घर नाही. ‘शस्त्रक्रिया व क्ष-किरणशास्त्र’ असा तो जोडविभाग आहे आणि पदव्युत्तर पदवीही याच जोडनावाने मिळते. वर्षभराच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात हा विषय शस्त्रक्रियेच्या आश्रयाने शिकविला जातो. त्यामागे इतिहास आहे. मोडलेले हाड पाहणे हेच क्ष-किरणांचे प्रारंभीचे काम आणि हाड सांधणारा शल्यविशारदच त्याचा पहिला गिऱ्हाईक. पण मानवी वैद्यकात ही दोन शास्त्रे केव्हाच विभक्त झाली. तेथे चित्रनिदानासाठी तीन वर्षांचे स्वतंत्र पदव्युत्तर शिक्षण आहे आणि यंत्र चालविणारा तंत्रज्ञ निराळा. अमेरिकेत तर पशुवैद्यकातही या विषयाचे स्वतंत्र विशेषज्ञ-मंडळ आहे. पदवीनंतर तीन-चार वर्षे ज्येष्ठांच्या हाताखाली रोज चित्रे वाचून परीक्षा उतरल्यावाचून तेथे कोणी स्वतःस विशेषज्ञ म्हणवू शकत नाही. आपल्याकडील पशुवैद्य बहुतेक ठिकाणी स्वतःच यंत्र लावतो, स्वतःच चित्र काढतो, स्वतःच वाचतो आणि पुढे स्वतःच शस्त्र हाती घेतो. त्याच्या वाचनातील चूक दाखवून देणारा दुसरा कोणी जवळ नसतो.

आणि हे वाचन मानवी चित्रांच्या वाचनाहून सोपे मुळीच नाही. रुग्ण बोलत नाही. श्वास रोखून धर म्हटले तर धरीत नाही. वासराच्या वा पिल्लाच्या वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चेची जी रेघ दिसते, ती अननुभवी डोळ्याला मोड वाटू शकते. एकाच दिशेने घेतलेल्या चित्रात दडून राहिलेली मोड काटकोनातील दुसऱ्या चित्रात उघडी पडते. म्हणून दोन चित्रांचा आग्रह धरावा लागतो आणि उधळणाऱ्या बैलापुढे तोच प्रथम सोडला जातो. सहज उचलून नेता येणारे लहान यंत्र पायाच्या हाडापुरते चालते. मोठ्या म्हशीच्या पोटापार जाण्याचे बळ त्यात नसते. लोखंडी तार क्ष-किरणांत लख्ख उमटते, परंतु शहरी उकिरड्यावर चरणाऱ्या गाईच्या पोटातील प्लॅस्टिकचा गोळा त्या चित्रात तसा वेगळा ओळखू येत नाही. यंत्राची ही मर्यादा ज्याला शिकविलेली नाही, तो कोऱ्या चित्रावरून जनावर निरोगी ठरवून मोकळा होतो.

ध्वनिलहरींच्या यंत्राची, म्हणजे सोनोग्राफीची, गोष्ट आणखी निराळी. येथे चित्र आधी काढून मग वाचावयाचे नसते. हात फिरत असतानाच ते वाचावे लागते. निरोगी गाईच्या पोटाचा जाळीदार कप्पा मिनिटास साधारण एकदा आकुंचन पावतो. त्याची गती मंदावली वा थांबली तर तज्ज्ञ ते पडद्यावर डोळ्यांनी पाहू शकतो. गुदमार्गे हात घालून केलेल्या तपासणीत गाभ साधारण दीड-दोन महिन्यांनी निश्चित कळतो. सोनोग्राफीने तो महिन्याभरात कळू शकतो. रिकाम्या गाईचा एकेक माज फुकट जाणे म्हणजे एकवीस दिवसांची वैरण अंगावर पडणे, हा हिशेब शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही. पण हे सारे ज्याचा हात शेकडो जनावरांवर फिरला आहे त्याच्याच बाबतीत खरे.

प्रशिक्षणाची आणखी एक बाजू आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. क्ष-किरणांच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध चित्र एका हाताचे आहे: रोंटगेनच्या पत्नीच्या, बोटात अंगठी असलेल्या हाताचे. पशुरुग्णालयांतील कित्येक चित्रांच्या कडेलाही असाच हात उमटलेला सापडतो. तो जनावर धरून ठेवणाऱ्या परिचराचा किंवा मालकाचा असतो. शिशाचा अंगरखा आणि हातमोजे विखुरलेल्या किरणांपासून बचाव करतात. थेट झोतात हात घालण्याचा तो परवाना नव्हे. अंतर दुप्पट केले तर मात्रा चौथाईवर येते, हा साधा नियम. गुंगीचे औषध, वाळूच्या पिशव्या आणि दोर यांनी माणसाचा हात बहुधा वाचवता येतो, हाही साधाच. अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणांशी काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि सर्वसामान्य माणसासाठी १ मिलिसीव्हर्ट अशी मर्यादा घातलेली आहे. एखाद्या वेळी म्हैस धरून उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला त्यामुळे फारशी बाधा होणार नाही. पण जो परिचर रोज धरतो, त्याचा प्रश्न वेगळा आहे. पशुवैद्याच्या छातीवर किरणमापक बिल्ला असला, तरी परिचराच्या मात्रेची नोंद कोठे होते, हे प्रत्येक रुग्णालयाच्या प्रमुखाने स्वतःस विचारून पाहावे.

या देशात २०१९ च्या पशुगणनेनुसार १९ कोटींवर गाईबैल आणि सुमारे ११ कोटी म्हशी आहेत. मोठ्या शहरांत कुत्र्यामांजरांसाठी आता सी.टी. स्कॅनची सोय झाली आहे. ज्याला ऐपत आहे त्याने आपल्या प्राण्यावर खर्च करावा, यात वावगे काहीच नाही. परंतु गाईम्हशींच्या निदानासाठी प्रशिक्षित माणूस आपोआप बाजारातून उभा राहील, ही अपेक्षा भाबडी ठरेल. ते काम सार्वजनिक संस्थांचेच. महाराष्ट्रात मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. नागपूरचे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० साली झाले. त्यांच्या महाविद्यालयांत चित्रनिदानाचा स्वतंत्र विभाग नसला, तरी निदान स्वतंत्र अध्यापकपद असावे. तालुक्याच्या पशुचिकित्सालयांतील पशुवैद्यांना दोन दिवसांच्या शिबिरातले व्याख्यान देऊन भागणार नाही; काही महिने वर्दळीच्या रुग्णालयात बसवून त्यांच्याकडून रोज चित्रे वाचून घ्यावी लागतील. अंकीय चित्र आता क्षणात दूर पाठविता येते, तेव्हा तालुक्याचे चित्र विद्यापीठातील जाणत्याने त्याच दिवशी पाहून मत कळवावे, यात तांत्रिक अडचण उरलेली नाही.

याहून स्वस्त उपायही आहे आणि त्याला निविदेची गरज नाही. चित्र पाहून निदान काय केले, ते आधी लिहून ठेवावे. मग शस्त्रक्रियेत वा शवविच्छेदनात प्रत्यक्ष काय सापडले, ते त्याच कागदावर खाली लिहावे. अशी वही ठेवणाऱ्या रुग्णालयात पाच-सात वर्षांनी नव्याने रुजू झालेल्या पशुवैद्यापुढे शेकडो जनावरांची चित्रे असतील आणि प्रत्येक चित्राखाली खरे काय होते, हेही लिहिलेले असेल.