ऑक्युपेशनल थेरपी फक्त मुलांची नाही

ऑक्युपेशनल थेरपी म्हटलं की टांगलेले झोपाळे, मोठाले रबरी चेंडू आणि त्यांवर लोळणारी चार-पाच वर्षांची मुलं डोळ्यांपुढे येतात. म्हणून ऑटिझम किंवा एडीएचडीचं निदान तिशी-चाळिशीत झालेल्या माणसाला कुणी ही थेरपी सुचवली, की घरचे विचारतात, “आता या वयात?”

खरं तर ही उपचारपद्धती मोठ्यांसाठीच उभी राहिली. अमेरिकेत १९१७ मध्ये तिची पहिली संघटना स्थापन झाली, तेव्हा समोर होते मनोरुग्णालयांतले रुग्ण आणि पाठोपाठ पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेले सैनिक. भारतात कमलाताई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिचं शिक्षण सुरू केलं. झोपाळे बरेच नंतर आले.

दुसरी समजूत अशी, की ऑटिझम वयाबरोबर ओसरतो. डोनाल्ड ट्रिपलेट यांचं आयुष्य पाहावं. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ च्या ऑटिझमवरच्या आपल्या गाजलेल्या शोधनिबंधात वर्णन केलेला पहिला मुलगा तो हाच. पुढे ते मिसिसिपीतल्या आपल्या गावी बँकेत नोकरीला लागले, गाडी चालवायला शिकले, गोल्फ खेळले, जगभर हिंडले आणि २०२३ मध्ये, ८९ व्या वर्षी वारले. ऑटिझम शेवटपर्यंत सोबत होताच.

त्यांच्या लहानपणीचा एक प्रसंग तर या थेरपीचं मर्मच सांगतो. त्यांना काही वर्षं एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं होतं. मोजमापाचा त्यांना विलक्षण नाद. जोडप्याने तो मोडायचा प्रयत्न केला नाही. विहीर खणायला लावली आणि खोली मोजून सांगायला सांगितलं. मक्याच्या ओळी ते पुन्हा पुन्हा मोजत बसायचे, तेव्हा नांगरता नांगरता मोजायला लावल्या. तिथे थेरपिस्ट कुणी नव्हता, पण दिशा तीच होती. “या थेरपीने माणूस चारचौघांसारखा होतो” ही अपेक्षा म्हणूनच चुकीची आहे. चांगला थेरपिस्ट माणूस, काम आणि भोवताल यांचा मेळ बसवतो.

सगळ्यांत जास्त दुखावणारा गैरसमज वेगळाच आहे: “एवढी मोठी नोकरी करतो आणि साधी भाजी करता येत नाही? आळस आहे, दुसरं काय!” ही साधी भाजी जरा उलगडून पाहू. काय करायचं ते ठरवणं, घरात काय आहे ते आठवणं, चिरणं, फोडणी जळू न देणं, त्याच वेळी कुकरच्या शिट्ट्या मोजणं. बुद्धी शाबूत असूनही यातली एखादी कडी निसटू शकते. एकाची गाडी सुरुवातीलाच अडते, दुसऱ्याला वेळेचा अंदाज येत नाही, तिसऱ्याला एक्झॉस्ट फॅनचा आवाजच सहन होत नाही. तक्रार एकच, उपाय तीन: पहिल्यासाठी आठवड्याचा ठरलेला बेत, दुसऱ्यासाठी टायमर, तिसऱ्यासाठी कानांवर आवाज रोखणारे हेडफोन. कडी नेमकी कुठे निसटते हे शोधणं हे कौशल्याचं काम आहे, आणि ते उपदेशाने होत नाही.

आवाज, उजेड, स्पर्श यांचा त्रास म्हणजे नखरे नव्हेत. टेंपल ग्रँडिन या ऑटिस्टिक पशुवैज्ञानिक. लसीकरणाच्या वेळी गुरांना दाबून धरणारा पिंजरा पाहून त्यांनी तरुणपणीच स्वतःसाठी अंगावर खोल दाब देणारं यंत्र बनवलं. त्यात शिरलं की त्यांची घालमेल शमायची. पण म्हणून असाच दाब देणारं बाजारातलं प्रत्येक वजनदार पांघरूण सगळ्यांनाच मानवेल असं नाही. अशा पांघरुणांच्या उपयोगाचे पुरावे अजून तुटपुंजे आहेत, तेव्हा विकत घेण्याआधी वापरून पाहावं.

ही थेरपी औषधांची जागा घेत नाही. एडीएचडीत दोन्ही जोडीने चालू शकतात.

कायदा काही अंशी पाठीशी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता येतात, आणि सरकारी आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्यांना कामात वाजवी सोयी द्याव्यात असं त्यात म्हटलं आहे. एडीएचडीचं नाव मात्र त्या यादीत नाही. ते असलेल्यांना शांत कोपऱ्यातली जागा किंवा तोंडी सूचनांऐवजी लेखी सूचना साहेबांकडून स्वतःच मागून घ्याव्या लागतात. काय मागायचं, कसं मांडायचं, याची तयारीही थेरपिस्टकडे करता येते.